अठ्ठावीस तक्रारींपैकी एक

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ई-मेल सेवा विभाग, तिसरा मजला.

विषय : तपासणी प्रयोगशाळेच्या ई-मेल पत्त्यावरील बंदी उठवण्याबाबत. (अत्यंत तातडीचे)
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार ई-मेल. (ते आपणांस पोचले नसणार.)

महोदय,

१. अर्जदार रुग्णालयाच्या तपासणी प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे अहवाल लेखनिक आहे. डॉक्टरांनी सही केलेला अहवाल टंकून रुग्णाला ई-मेलने धाडणे हे त्याचे काम. गेल्या सोमवारी प्रयोगशाळेचा पत्ता स्पॅम ठरला आणि तेव्हापासून आमचे एकही पत्र कोणाला मिळत नाही. बंदीविरुद्ध दाद ई-मेलनेच मागावी असा आपला नियम आहे, आणि तो ई-मेलही बंदीमुळे अडतो. म्हणून हा कागद.

२. आपली यंत्रणा लोकांच्या सांगण्यावर चालते. ‘स्पॅम म्हणून कळवा’ हे बटण पुरेशा लोकांनी दाबले की पाठवणारा लबाड ठरतो. परंतु महोदय, अहवाल चांगला आला की माणूस सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागतो, कोणतेही बटण दाबत नाही. वाईट आला की तो ते पत्र डोळ्यांसमोरून घालवू पाहतो, आणि हाताला पहिले लागते ते हेच बटण. समाधानाने गप्प बसलेल्या हजारोंची नोंद आपल्याकडे नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. लॉटरी लागल्याची पत्रे मात्र अर्जदाराला रोज बिनबोभाट मिळतात.

३. अडलेल्या अहवालांपैकी बाकीचे अर्जदाराने पायपीट करून घरपोच दिले. एक राहिला आहे. तो शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या छातीतील गाठीचा आहे. महिनाअखेरीच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास बाई वाचतील, असे डॉक्टरांचे मत. त्यांचा फोन बंद, खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, “बहिणीकडे गेल्यात, गाव काही सांगितलं नाही. पण मेल रोज बघतात हो. अजून आला नाही म्हणजे काही नसेलच, असं परवा कळवलं त्यांनी.” अर्जदाराने शेजारणीकडे निरोप ठेवला, पण तिलाही बाईंनीच फोन केला तर केला. खासगी पत्त्यावरून अहवाल पाठवून पाहिला. मजकूर तोच असल्याने यंत्रणेने तोही अडवला.

४. आपल्या कार्यालयातील खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, “अठ्ठावीस तक्रारी झाल्या की पत्ता आपोआप बंद होतो. एक जरी मागे घेतली तरी लगेच उघडतो. पण ज्याचं खातं, त्याचीच सही लागेल.” त्यांनी दयेपोटी तक्रारदारांची यादीही दिली.

५. यादी घेऊन अर्जदार दारोदार फिरला. एका निवृत्त शिक्षकांनी, “माझ्या मुलाबद्दल तसलं लिहिलंत आणि वर सही मागता?” म्हणून दार लावून घेतले. अर्जदाराला त्यांचा राग आला नाही. अन्य सहा जणांनी दारच उघडले नाही, इतरांनी सही नाकारली. आज तारीख बावीस. अर्जदार घाबरला आहे. हा शब्द अर्जात शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही.

६. आता जे लिहायचे टाळले ते. यादीतील पहिली तक्रार अर्जदाराच्या घरून झालेली आहे. मागील वर्षी पत्नीचा अहवाल अर्जदारानेच टंकला, नियमाप्रमाणे तिच्या पत्त्यावर धाडला, आणि घरी जाऊन तिच्या आधी तिचे खाते उघडून तेच बटण दाबले. त्या अहवालात उपचाराला जागा उरली नव्हती. तिला ‘रक्त कमी आहे’ असे सांगितले. शिवणाऱ्या बाईंना जागा आहे, महोदय. एवढाच फरक आहे.

७. खाते पत्नीचे असल्याने सही तिचीच हवी होती, आणि सही कशासाठी ते तिला सांगणे भाग होते. आज सकाळी अर्जदाराने तिला तो अहवाल दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग, “माझं नंतर बोलू. आधी त्या बाईंचं पत्र जाऊ दे,” म्हणून तिने सही करून दिली.

तरी एक तक्रार वजा करून पत्ता आजच खुला व्हावा. अर्जदार खाली बाकावर बसून आहे.

कळावे,
आपल्या होकाराविना घरी जाऊ न शकणारा,
नम्र अर्जदार
(सही)
दिनांक : २२

सोबत :
१. डॉक्टरांच्या तातडीच्या शेऱ्याची प्रत
२. तक्रार मागे घेत असल्याचे पत्नीचे पत्र, सहीसह