सुरुवात तेवढी राहिली

तीर्थस्वरूप भाऊजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं सध्या जमिनीला लागत नाहीत, उरलेल्या सहांवर गोड मानून घ्यावं.) आपली तब्येत उत्तम असणारच. निवृत्त झाल्यापासून आपण चालण्याचं, पाणी पिण्याचं आणि झोपण्याचं वेळापत्रक आखून भिंतीवर लावल्याचं ताईकडून कळलं. ताईची तब्येत कशी आहे, ते मात्र आपण कधी लिहीत नाही. मी ठीक आहे. म्हणजे थकलोय, पण आताशा यालाच ठीक म्हणतो.

पत्रास कारण की, गाण्याच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम एकदाचा पार पडला. आखणीचा उपयोग झाला का, असं आपण विचारलं होतंत. याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं तर फोनच केला असता. सगळं पहिल्यापासून सांगतो. (पहिल्यापासून सांगायची मला एवढी हौस का, ते पुढे येईलच.)

वाचनालयाच्या माडीवरची आमची खोली आपण पाहिली आहे. एक सतरंजी, तबल्याची जोडी, आणि एक पेटी, जिची एक काळी पट्टी दाबली की वर येत नाही, बोटाने उचलावी लागते. खाली वाचणारे कंटाळले की काठीने छत ठोकतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचा ठोका आमच्यापेक्षा लयीत असतो. अर्धं आयुष्य त्या खोलीत गेलं माझं. गेल्या वर्षी वाचनालयाला नव्या चिटणीसबाई आल्या. बाई सरळ, कामाच्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "वर्षाच्या शेवटी तुमच्या विद्यार्थ्यांना काय येईल?" मी म्हटलं, "गाणं." त्या म्हणाल्या, "किती?" इथे घोडं अडलं. इतकी वर्षं शिकवतोय, पण 'किती' हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही त्या भानगडीत पडलो नव्हतो. बाईंनी तीन गोष्टी मागितल्या: वर्षाची आखणी द्या, शेवटी कार्यक्रमात ती दाखवा, आणि कार्यक्रमानंतरही वर्ग भरलेला दिसू द्या. नाहीतर खोली टेबल टेनिसवाल्यांना. त्यांचंही चूक नव्हतं. दरवर्षी कार्यक्रम झाला की 'झालं गाणं' म्हणून निम्मे लोक जे जिना उतरतात, ते पुन्हा फिरकत नाहीत. पण खोली गेली तर मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी मी जायचं कुठे? मला दुसरं काही येत नाही, भाऊजी.

म्हणून आपल्याला फोन केला, आणि आपण दुसऱ्याच दिवशी रंगीत कागदांचा गठ्ठा घेऊन हजर. (याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण आपण माझ्या ताईचे यजमान आहात, तेव्हा मी म्हणणार नाही.) कारखान्याच्या नियोजन खात्यात जन्म काढलेला माणूस, आपण गाण्याचाही कारखाना मांडलात. शेवट आधी ठरवायचा आणि एकेक पायरी मागे मागे यायचं, हा पहिला नियम. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, हा दुसरा. मग आपण प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचं ध्येय विचारलंत. आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, बायकोने मध्येच दार लावून न घेता एक गाणं पूर्ण व्हावं. (हा गृहस्थ दिवसभर गावाला 'आ करा, मोठा आ करा' सांगतो आणि गाताना स्वतः तोंड उघडत नाही.) आपण ते हिरव्या कागदावर लिहिलंत. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ध्येय कसलं हो साहेब? या तासाला मला कुणी हाक मारत नाही. तेवढं राहू द्या." आपण म्हणालात, हे मोजता येत नाही. त्यांचा पिवळा कागद कोराच भिंतीवर गेला.

आता चूक कोणाची, ते देव जाणे. आपल्याला बहुधा फक्त आखणी शेवटाकडून करायची होती. मी शिकवणंच शेवटाकडून सुरू केलं. समूहगीत माझंच होतं. सुरुवातीला संथ, तालाशिवाय, खालच्या सुरातून उचललेली एक ओळ, मग कडवी, आणि शेवटी तिहाई, म्हणजे शेवटची ओळ तीनदा म्हणून सगळ्यांनी एकदम समेवर यायचं. मी तिहाईपासून सुरुवात केली. (सुरुवात म्हणावं की शेवट, याचाही गोंधळ उडतो.) आपल्या नियमाप्रमाणे ती पक्की झाल्याशिवाय मागे जायचं नव्हतं, आणि आमच्या मंडळींची तिहाई म्हणजे एका दारातून सगळ्यांनी एकदम घुसणं. नाकी नऊ आले. डॉक्टर कुणाची तरी दाढ काढून धापा टाकत यायचे आणि सम गेल्यावर पोचायचे. अर्धं वर्ष शेवटच्या ओळीत गेलं. पण जमली हो! इतकी सुरेख जमली की खालून काठीसुद्धा वाजेना. मग शेवटचं कडवं, मग त्याच्या आधीचं, असे आम्ही मागे मागे सरकत राहिलो. सुरुवातीची ओळ शेवटच्या आठवड्यात बसवू, म्हटलं. त्या आठवड्यात निम्म्या वर्गाला सर्दी झाली आणि उरलेल्या निम्म्याला माझ्याकडून.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत चिटणीसबाई, शेजारी टेबल टेनिसवाले. त्यांनी मनातल्या मनात टेबल कुठे ठेवायचं ते ठरवलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. मी पेटीवर सूर दिला. सुरुवात कोणी उचलेना. पुन्हा दिला. सगळे माझ्याकडे बघतायत, आणि ती पट्टी खाली रुतून बसली म्हणून मी पट्टीकडे बघतोय. एवढ्यात डॉक्टरांचा धीर सुटला आणि त्यांना जे सगळ्यात पक्कं येत होतं ते त्यांनी चक्क तोंड उघडून सुरू केलं, म्हणजे तिहाई. बाकीच्यांनी उचलली. तीनदा म्हणून सगळे एकदम समेवर, काय सांगू, एका दमात! पडदेवाल्याने गाणं संपलं असं समजून पडदा पाडला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. 'पुन्हा' असा आवाज आला, पडदा वर गेला, आणि आम्ही पुन्हा संपवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली गेली असंच धरून मी मंगळवारी पेटी शेवटची पुसायला गेलो. आणि एकेक करून सगळे आले. एकही कमी नाही. शिवणकामाच्या बाईंनी सतरंजी अंथरली आणि विचारलं, "सर, आता तरी सुरुवात शिकवाल ना?" भाऊजी, कार्यक्रमानंतर 'झालं' म्हणायला त्यांच्यापाशी काही झालेलंच नव्हतं. सुरुवातच राहिली होती, जाणार कुठे? माझे डोळे भरून आले, ते मी सर्दीवर ढकललं. चिटणीसबाई वर येऊन डोकी मोजून गेल्या आणि खोली आणखी एक वर्ष आमची झाली. त्यांना वाटतं ही सगळी आखणीची किमया. मी मान डोलावली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण घोडं आलं तर खरं.

तेव्हा आपल्या सल्ल्याने मी बुडालो आणि आपल्याच सल्ल्याने तरलो. आभार मानावेत की अबोला धरावा, हे कळत नसल्यामुळे दोन्हीही करत नाही. ताईला नमस्कार.

आपला दमलेला,
मेहुणा

ता. क. : पुढच्या वर्षाचीही आखणी हवी, असं चिटणीसबाई म्हणतात. आपण कृपया कागद पाठवू नयेत.

ता. क. दुसरा : कागदांऐवजी आपणच यावं, विद्यार्थी म्हणून. पत्र लिहायचं खरं कारण हे. आवाज कसा आहे याची काळजी नको, ती अट आमच्याकडे कधीच नव्हती.

ता. क. तिसरा (हा आपण वाचला नाही असं समजावं, कारण ताईने तशी शपथ घातली आहे) : तिचा फोन आला होता. आपण स्वयंपाकघरातले डबे शेवटच्या घासापासून मागे मागे येत नव्याने लावलेत, त्यामुळे तिला साखर सापडत नाही. आपण ध्येय विचारणारच, म्हणून मी तिलाच विचारलं, की वर्षाअखेर भाऊजींना काय यायला हवं? म्हणाली, "काही नाही आलं तरी चालेल. तासभर घराबाहेर जाऊ देत." मी विचारलं, त्या तासात तू काय करशील? म्हणाली, "काही नाही रे. नुसती बसेन." पिवळा कागद अजून भिंतीवर कोराच होता, त्यावर लिहून ठेवलंय. एक तास, आठवड्यातून दोनदा. हे मोजता येतं, भाऊजी. मंगळवारी यावं.