बाजाराच्या दिवसाची पत्रं

शेलूबाजार, एप्रिल १९५६

प्रिय हुस्ना,

रविवारी नहाणं झालं की कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर आपण केस वाळवत बसायचो, आठवतं? चिंचा तुझ्या, मीठ माझं. घरून आलेलं पत्र मी मोठ्यानं वाचायची आणि तू चिंचोके लांब थुंकायचीस. हल्ली ते ऊन फार आठवतं.

माझे पाय आता माझं ऐकत नाहीत गं. भिंत धरून चालते. बाजारात दाणेवाल्या जानरावनं थट्टेनं विचारलं, बाई, आज सकाळीच घेतली का? मीही हसले. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, मेंदूचा एक भाग झिजत चाललाय. आधी तोल, मग बोलणं, मग हात. औषध नाही.

बोलणं किती बिघडलंय ते मला होळीआधी कळलं. तांड्यावरच्या बायका बाजाराच्या दिवशी माझ्याकडून पत्रं वाचून घेतात, तुला ठाऊकच आहे. हिरीबाईचा नवरा सोमला खडी फोडायला गेलेला. त्याचं कार्ड आलं. खुशाल आहे, होळीला येतो, एवढंच. वाचताना माझी जीभ अडखळली, आवाज फाटला. तिला वाटलं, मी रडतेय. तिनं हंबरडा फोडला, उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. तो बरा आहे असं मी जितकं सांगत गेले, तितकं ते रडणंच वाटत गेलं. शेवटी पोस्टमन लखीरामनं कार्ड वाचून दाखवलं. होळीला सोमला नव्या बांगड्या घेऊन आला आणि माझ्या दारातूनच म्हणाला, "बाई, पाहून घ्या मले, जित्ता हाय मी. पुढच्या पत्रात मारू नोका." सगळे हसले. हिरीबाई हसली नाही. त्यानंतर मी कुणाचंच पत्र वाचलेलं नाही.

लखीराम वाचेल, पण पुरुषासमोर ऐकू नये असंही त्या पत्रांत पुष्कळ असतं. म्हणून हात चालतोय तोवर तुला लिहिते आहे. मंगरूळपीरहून सकाळची मोटार आहे. बाजाराच्या दिवशी येत जाशील? वाचायला तू बस, मी जवळ बसेन. पुढे मी नसले, तर माझ्या पेटीत बायकांनी जपायला दिलेली पत्रं आहेत. निळ्या दोऱ्यानं बांधलेली नानीबाईची. सुटं कार्ड हिरीबाईचं. तिला हवं आहे का, विचारून दे. चष्मा तुला. तळाशी एक बंद पाकीट आहे, धनीबाईचं. नवऱ्यासाठी तिनं माझ्याकडून लिहवून घेतलं, पण टपालात टाकू दिलं नाही. ते तिच्याच हातात दे. सासू बरोबर असली, तर पेटीतच राहू दे.

तुझीच,
गोमती