पेशी कशानं कमी झाल्या

आई, आज वर्गात रक्ताचा धडा शिकवताना तू आठवलीस. माझं कॉलेज संपलं त्या वर्षी वडगाव रासाईच्या मळ्यात तू कांद्याची एक पाटी उचलली तरी धापा टाकायचीस. जीभ लालभडक, तळपायांना मुंग्या. न्हावऱ्याच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, फरक पडेना. मग रक्त तपासलं, तर तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही कमी. कुणीतरी ब्लड कॅन्सरचं नाव काढलं आणि आपण दौंड गाठलं.

दौंडच्या डॉक्टरांपुढं आपण बसलोय. तू म्हणतेस, "काय आसंल त्ये माझ्यादेखत सांगा. पोरीला भाईर नेऊन बोलू नका."

"मावशी, मलाच अजून कळलं नाही. बघू तर द्या."

तुझ्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून ते सूक्ष्मदर्शकात बघत राहतात. मग मलाही बघायला बोलावतात. तांबड्या पेशी फुगल्यासारख्या मोठ्या, आणि एका पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे चक्क सहा तुकडे. "नुसतं लोह कमी असतं तर पेशी बारक्या दिसल्या असत्या," ते म्हणतात. "हाडातला मगज तपासावा लागेल कदाचित. पण आधी सांगा मावशी, जेवता काय?"

"भाकरी, कालवण."

"मटण, अंडी?"

"माळ घातल्यापासनं न्हाई."

"दूध, ताक?"

तू खाली बघत म्हणतेस, "म्हशीचं रेडकू मेलं, तवापासनं घशाखाली उतरत न्हाई."

त्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी रोज तुझ्या शेजारी जेवत होते, तरी मला पत्ता नव्हता.

पुण्याच्या तपासणीत मटण-अंडी-दुधातून मिळणारं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं सुरू झाली, आणि काही आठवड्यांत तिन्ही पेशी वर आल्या. मगज तपासायची वेळच आली नाही. मुंग्या जायला मात्र महिने लागले. "आता थोडं दूध घेत जा," डॉक्टर म्हणाले. तू म्हणालीस, "इंजेक्शन घीन. दूध न्हाई."

पुढं कितीतरी वर्षं तू मळ्यात राबलीस. धार तूच काढायचीस, आम्हाला पेले भरून द्यायचीस. मग स्वतःचंच दूध का तोडलंस? तुझ्या पेशींबद्दल मी डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले. तुला हा एक विचारायचा राहून गेला, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे राहून गेला नाही. तू रडशील, आणि मला ते बघवणार नाही, म्हणून मी विचारलाच नाही.