जबड्याची डावी बाजू

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, पण मी आता पुढे गिऱ्हाइकांसमोर नसते. मालकांना विनवून मागच्या खोलीत भिंगं घासायचं काम घेतलंय. पुढे चारी भिंतींना आरसे आहेत. माझ्या जबड्याची डावी बाजू खाली उतरलीय, हे तुला कधी दिसलं कसं नाही? रोज सकाळी फूटपट्टी लावून बघते, त्यात दोन तास जातात. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आईला एवढ्यात काही सांगू नकोस. खरं सांग, वाकडा आहे ना?

लोभ असू दे, चेहरा कसाही असला तरी.
तुझी बबडी

११ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, हातातला कोट तसाच मशीनवर टाकून तुझे सगळे फोटो काढून बसले. जन्मभर शिवणकाम केलंय, दोऱ्याएवढा फरकही माझ्या नजरेतून सुटत नाही. तुझा जबडा सरळ आहे. वाकडं असलंच तर डोकं असेल! फूटपट्टी फेकून दे आणि पोटभर जेव.

माया आहे म्हणून रागावते, तेवढं समजून घे.
तुझी मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दुपारभर बरं वाटलं. संध्याकाळी वाटलं, माया आहे म्हणून म्हणतेस. पुन्हा फूटपट्टी.

डॉक्टरांनी मापं घेतली आणि नकार दिला. म्हणाले, "मी हे केलं, तर सहा महिन्यांनी तुम्ही उजवी बाजू घेऊन याल." मी इतकी चिडले की चार दिवस खोलीचं दार उघडलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी दिलेल्या पत्त्यावर, मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा नखरा नाही, आजार आहे. पुष्कळांना होतो, लाजून कोणी बोलत नाही. गोळ्या सुरू केल्यात आणि सरावही: आरसा ठरल्या वेळीच बघायचा, आणि कसं दिसतंय ते कोणालाही विचारायचं नाही.

म्हणून विनवते, मी विचारलं तरी उत्तर देऊ नकोस.

मला सांभाळून घे.
तुझी बबडी

२० मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

डोक्यावरून केलेली थट्टा मला आता टोचते. काल फोनवर तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा काज-बटणांचं काहीबाही बोलत राहिले. फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले. "सरळ आहे" म्हणणं किती सोपं होतं गं. आईला तू स्वतःच सांगितलंस, बरं केलंस. मला आधीच ठाऊक होतं आणि मी तिला सांगितलं नाही, म्हणून ती माझ्याशी बोलत नाही; बोलेल हळूहळू.

गप्प राहिले तरी तुझीच,
मावशी

९ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अजून वाईट दिवस येतात. परवा अर्ध्या रस्त्यातून घरी परतले. पण आता रोज तासभर दुकानात पुढे उभी राहते. चष्मा बसवताना समोरच्याच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं, तेव्हा डावी बाजू दुसरीकडे वळवून घेते.

आज एक आजोबा आले, बसचालक म्हणून निवृत्त झालेले. मी चष्म्याच्या काड्या वाकवून कानांवर नीट बसवल्या. त्यांनी आरशाकडे पाठ केली आणि मलाच विचारलं, "कसा दिसतो मी?" हा तर माझाच प्रश्न. मग मी विचारलं, "तुम्हाला दिसतंय का नीट?" त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची, बारीक ओळ घडाघडा वाचली. मग वरची. मग दाराबाहेर जाऊन समोरच्या दुकानाची पाटी वाचून आले आणि सांगू लागले, आत काय काय मांडलंय ते.

मी ऐकत उभी होते. ते गेल्यावर लक्षात आलं, तेवढा वेळ मला चेहराच नव्हता.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी बबडी