पाण्यावर तरंगणारा ग्रह

२ एप्रिल
जयंतीच्या आदल्या दिवशी विहारात दरवर्षी राकेशचं भाषण. राकेश म्हणजे माझ्या बायकोचा, शालनचा धाकटा भाऊ, मुंबईत कॉम्प्युटरवाला. येतो, मोबाइलमध्ये बघून बोलतो, टाळ्या घेतो. मी जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि विहारात सतरंज्या उचलतो. आज कमिटीत उठून सांगितलं, यंदा मी बोलणार. विषय: परक्या ताऱ्याभोवतीच्या लहान ग्रहाची घनता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावले असावेत.

भाषण रंगलं तर मान कायमचा माझा. पडलं तर सतरंज्या. पडायचा प्रश्नच नाही.

४ एप्रिल
दुर्बीण गच्चीवर बसवली. तत्त्व सोपं. ग्रह समोरून गेला की तारा किंचित मंदावतो. त्यावरून ग्रहाचा आकार. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, त्यावरून वस्तुमान. डुलणं परदेशी लोकांनी मोजून नेटवर टाकलंय. हमाली त्यांची, डोकं माझं. पश्चिमेला आमच्या हापूसची फांदी जराशी आड येते. दुर्लक्ष करण्याजोगी.

शालन म्हणाली, वर जाताच आहात तर वाळत घातलेल्या मिरच्या आणा. असल्या कामांना मला वेळ नसतो.

५ एप्रिल
मंदावला!!

६ एप्रिल
आजही. नेटवर लिहिलंय, हा ग्रह बारा दिवसांनी एकदा समोर येतो. माझ्याकडे रोज येतो. नेटवाले झोपा काढतात.

८ एप्रिल
त्यांच्या मते प्रकाश हजारात एक भाग कमी होतो. माझ्याकडे शंभरात एक. रत्नागिरीची हवाच स्वच्छ, दुसरं काय.

९ एप्रिल
वस्तुमान त्यांचं, आकार माझा, भागाकार झाला. घनता पाण्याच्या पाचव्या हिश्शाहून कमी. म्हणजे हा ग्रह पाण्यावर तरंगेल! त्याला खडकाळ म्हणणारे सगळे मूर्ख.

सांगायला खाली धावलो. शालन बादलीत आंबे सोडत बसलेली. बुडला तो तयार, तरंगला तो कोवळा, ही आमच्याकडची परीक्षा. ऐकून म्हणाली, तरंगतो म्हणजे कवळा हो, घाई केलीत. हिचं विश्व बादलीएवढं.

११ एप्रिल
राकेश आला. आलेख बघून म्हणाला, भावोजी, शेजारचा ताराही एकदा लावून बघा ना, तोही तिथेच मंदावतो का. जळतो. ह्याला कसली कळणार घनता!

आता नुसतं भाषण नाही. भाषण झालं की सगळा विहार गच्चीवर आणून पडद्यावर ग्रह दाखवणार.

१३ एप्रिल, सकाळ
आज माझा दिवस. पण घरात शांतता म्हणून नाही. मुंबईकरांना आंबे द्यायचेत म्हणून शालन पहाटेपासून झेल्याची काठी घेऊन झाडाखाली. सारखी विचारते, ह्या फांदीचे काढू का, त्या फांदीचे काढू का. शेवटी ओरडलो, गच्चीकडचेही काढ, एकूण एक काढ, पण मला भाषण पाठ करू दे.

१३ एप्रिल, रात्र
भाषण ठीक. मग गच्ची. माणसांना उभं राहायला जागा नाही. पडद्यावर ताऱ्याच्या प्रकाशाची रेघ. वेळ झाली. रेघ सरळ. वेळ टळून गेली. रेघ सरळच. मी जाहीर केलं की ग्रह कक्षा सोडून गेला असावा आणि अशी दुर्मीळ घटना आपण रत्नागिरीतून पाहिली. एक टाळी नाही.

राकेश दुर्बिणीच्या नळीला गाल लावून बघत होता. विचारतो, ताई, इथे समोर काय होतं गं? शालन म्हणाली, आंब्यांचा घोस होता, सकाळी ह्यांनीच काढायला लावला.

त्यावर टाळ्या पडल्या.

१४ एप्रिल
मिरवणूक. पुढल्या वर्षी भाषण राकेशचं, एकमताने. सतरंज्या यंदा जड वाटल्या. ओल्या असाव्यात.

१५ एप्रिल
शालनने त्या घोसातला एक आंबा माझ्यासमोर बादलीत सोडला. बुडला.

म्हणजे घनतेचा आकडाही चुकला.