‘निघाली’ एवढंच

५ जाने., सोम.
यांचा फोन पुन्हा भरला. सकाळभर गुलाबाची फुलं पुसत बसले. एकेका चित्रावर बोट दाबायचं, मग काढायचं. सगळं एकदम पुसता येतं, पंकजने दाखवलंय. पण त्यात यांचे शब्दही जातील. म्हणून एकेक.

ग्रुपचं नाव ‘बस नं. ४ पहिली पाळी’. कंपनीची बस, निगडी ते चाकण. पहिला थांबा आमच्या बिल्डिंगखालीच. हे ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसायचे आणि बस हलली की लिहायचे, ‘निघाली’. एवढंच. त्यावर कृष्णानगरवाले बूट घालायचे, मोशीवाले डबा उचलायचे. मी गॅलरीत उभी. बस वळेपर्यंत यांची मान खाली, फोनात. वर बघून कधी हात केला नाही. राग यायचा तेव्हा.

आता वर सरकवत गेलं की तेच. निघाली. निघाली. मध्ये एकदा, ‘निघाली. कानटोपी विसरलो.’ ती घेऊन मी धावत खाली गेले होते. बस गेलेली.

८ जाने., गुरु.
ग्रुपवर ओव्हरटाइमवरून भांडण. साळुंखे भाऊजी (रोजचे गुलाब टाकणारे) चिडून बाहेर पडले. संध्याकाळी मोशीच्या बोऱ्हाड्यांनी परत आत घेतलं. ग्रुप तेच चालवतात. वर त्यांनीच लिहिलं, ‘आला का राव? बरं झालं. तळेगावात एक प्लॉट हाय, बघ.’ जसं काही झालंच नाही.

डोकं उठलं. पंकज म्हणतो, “आई, एवढा वैताग येतो तर बाहेर पड ना.” पडते, म्हणाले. रोजच म्हणते.

१३ जाने., मंगळ. भोगी.
हे गेल्यानंतरची दुसरी. एकटीसाठी असली तरी तीळ लावलेली भाकरी हवीच. उजाडायच्या आधीच पीठ मळायला घेतलं, तर फोन वाजायचा थांबेना. ‘निघाली का?’ ‘कोणीतरी सांगा रे.’ आता हे काम थोरात करतो, तो सणाला गावी गेलेला. बसमधले बाकीचे झोपलेले असणार. गॅलरीत गेले. धुक्यात बसचे दिवे हलले. पिठाच्या बोटानेच टाकलं, निघाली.

मग लक्षात आलं, कोणाच्या नंबरवरून.

आधी बोऱ्हाडे, ‘आरं देवा.’ साळुंखे भाऊजी, ‘वहिनी, तुम्ही का?’ कोणी नवीन मुलगा, ‘गेलेल्या माणसाच्या नंबरवरून असलं करू नये.’ बरोबरच आहे त्याचं. पीठ वाळून गेलं तोवर.

१४ जाने., संक्रांत.
तिळगुळाच्या चित्रांनी फोन परत भरला.

दुपारी अंबाजोगाईहून गित्ते नानांचा फोन. याच बसने जायचे. रिटायर होऊन कधीचे गावी गेले, पण ग्रुपवर आहेतच. “वहिनी, काल दचकलोच बघा. मग बरं वाटलं. इथं सकाळी अंगणात बसलेला असतो मी. निघाली आलं की चहा टाकायला सांगतो. सुनबाई हसती. म्हणती, बस तिकडं अन् चहा इकडं.”

विचारलं, त्या फुलांचा, प्लॉटचा वैताग येत नाही?

“येतो की! पण बशीत काय कमी वैताग होता? खिडकीवरून भांडणं, पाय पसरणारे, घोरणारे. म्हणून उतरून चालत गेलो का कधी चाकणला?”

किती दिवसांनी मोठ्याने हसले.

१८ जाने., रवि.
पंकज आला मारुंजीहून. जेवताना ताटाकडे बघतच, “भोगीला सकाळी बाबा ऑनलाइन होते.”

‘होते’ म्हणाला.

पहाटेच्या शिफ्टच्या कॅबमध्ये बसला की तो फोनात यांच्या नावावर जाऊन दोघांचं जुनं बोलणं वाचतो. आणि मी इकडे यांचा फोन उघडलेला असला की तिथे ‘ऑनलाइन’ दिसतं. “दर वेळी वाटतं, आता काहीतरी लिहितील, आई. मग आठवतं, तू फुलं पुसत असशील.”

मला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं होत आली, पोरगा काही बोलला नाही.

म्हणाला, सगळं फाईलमध्ये काढून देतो, सिम बंद करू. यांचा शब्द न् शब्द राहील, हे खरं. पण मी वाचनालयातली पुस्तकं आणून वाचणारी बाई. शेवटचं पान आलेलं कळतं मला. ग्रुपवर यांच्या शब्दांच्या खाली अजून रोज सकाळचा शब्द येतो. फाईलमध्ये कुठून येणार?

हे त्याला सांगता आलं नाही. बघू, म्हणाले. स्वतःचं ताट घासून गेला.

२० जाने., मंगळ.
बोऱ्हाड्यांना फोन केला. माझा नंबर घ्या ग्रुपवर.

“तुमी सांगायचं आन् आमी न्हाई म्हणनार व्हय? भाऊंचा नंबर काडू का मग?”

थांबा जरा, म्हणाले. तर ते, “ऱ्हाऊ द्या. तुमी म्हणाल तवा.”

थोरात परत आलाय. “काकू, आता तुम्हीच टाकत जा. मला बसल्या बसल्या झोप लागते.”

२१ जाने., बुध.
गॅलरीत दोन्ही फोन घेऊन उभी. माझा हातात, यांचा कठड्यावर. बस हलली. माझ्या फोनवरून टाकलं.

कठड्यावरचा फोन उजळला. यांनी माझा नंबर ‘घर’ नावाने ठेवलेला.

घर: निघाली

बस वळली तेव्हा मी बघितलंच नाही. माझी मान खाली, फोनात.

यांचा उघडावासा वाटला. पण पंकजची कॅब याच वेळेची. नाही उघडला.

रविवारी तो येईल. बोऱ्हाड्यांना यांच्या नंबरचं अजून काही कळवलेलं नाही. एवढ्यात साळुंखे भाऊजींचा गुलाब आला, दोन्ही फोनांवर.