खोटा कौल आणि तनूचं गणित

प्रिय मंगल,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला. पंधरा वर्षं एका घरात सासू-सुना म्हणून राबलो, त्यात तुला प्रिय काय, साधं ‘बाळ’सुद्धा म्हटलं नाही मी. आता लिहिते, कारण तू उलट बोलायला येणार नाहीस.

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा माझं शुद्धलेखन काढत बसू नकोस. तुझा नवरा उर्स्याच्या टोलनाक्यावरनं रात्रपाळी करून आलाय, घोरतोय. तुझी पोरगी कॉलेजात गेलीय. भातलावणी उरकली, गुडघे बोलतायत, आणि मला आठ दिवस एका जागी बसवत नाही. शेण काढायला जाते आणि अर्ध्यातनं परत येते. भाकरी थापून बघते तर चुलीवर तवाच नाही! एवढं काय झालं म्हणशील. झालं असं, की तीन वर्षं मी तुझ्या नावावर एक खोटं खपवलं, आणि ते उघडं पडलं. दुसऱ्या कुणी तिकडं येऊन तुझे कान भरण्याआधी मीच सांगते.

तनूला दहावीला चांगले मार्क पडले. तळेगावच्या कॉलेजात सायन्सला नंबर लागला. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! अकरावीचे विषय निवडायचा कागद हातात आला. इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. डॉक्टरकीला जायचं तर बायोलॉजी सोडून चालत नाही, एवढं मलाही कळलं. भांडण लागलं ते शेवटच्या रकान्यावर. गणित घ्यायचं की भूगोल?

कॉलेजातल्या बाई चांगल्या होत्या. खुर्ची दिली मला. म्हणाल्या, “आजी, डॉक्टरकीच्या परीक्षेला गणिताचा पेपर नसतो. बरीच मुलं भूगोल घेतात, तेवढाच अभ्यासाला वेळ मिळतो. पण गणित ठेवलं तर उद्या इंजिनिअरिंगला जायचा रस्ताही उघडा राहतो. पक्कं ठरलं असेल तर सोडा, नसेल तर ठेवा.” मग तनूकडं वळून त्यांनी विचारलं, “तुझं पक्कं आहे का गं?”

तनूनं तोंड उघडायच्या आधी मी बोलले. “पक्कं म्हंजे काय! तिच्या आईची शेवटची इच्छा हाय.”

मेलेल्या माणसाच्या इच्छेपुढं कोण बोलणार? तनू टेबलावरच्या काचेकडं बघत राहिली. ते मी बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं. ही सवय माझी जुनी, तुला ठाऊक आहेच.

घरी आल्यावर दत्ता सुरू झाला. “आये, गणित ऱ्हाऊ दे की. पोरीला आवडतं. न्हाई लागला डॉक्टरीला नंबर तर हातात काय?”

“हातात काय म्हंजे? आधीच न्हाई लागणार म्हन. गणित ठिवलं की पोरगी पळवाट धरनार.”

“पळवाट न्हवं ती, वाट हाय.”

“तुला काय कळतंय? मोटार का ट्रक, येवढंच बघ तू नाक्यावर.”

तो चिडला. म्हणाला, “मग देवीला इचार! कौल लाव. ती सांगंल तसं करू.” आणि तनूला विचारलं, तर ती म्हणाली, “तुम्ही ठरवा.” सोळा वर्षांची पोर, तोंडातनं एवढाच शब्द. तू असतीस तर त्या ‘तुम्ही ठरवा’वरच थांबली असतीस. मी नाही थांबले.

कौल कसा लावतात तुला सांगायला नको. ओल्या दोन पाकळ्या देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या तुका गुरवाला आता नीट दिसत नाही, पाकळ्या मीच लावते. प्रश्न होता, गणित सोडायचं का? मी काय केलं सांगू? घरनं निघताना इंद्रायणीच्या गरम भाताची चार शितं पदराच्या टोकात घेतली. आपला भात कसला चिकट, तुला माहीत आहे. डाव्या पाकळीच्या पाठीला शितं चोळली आणि दाबून बसवली. आता ती पडते कशाला!

उजवी पडली. दत्तानं हात जोडले. तनूनंही जोडले. संध्याकाळी तिनं मोबाइलवरच शेवटच्या रकान्यात भूगोल भरला आणि दहावीची गणिताची वही रद्दीच्या गठ्ठ्यात ठेवली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. रद्दीत वही ठेवताना तिनं मुडपलेलं पान सरळ केलं. ते कशाला बघितलं मी?

तिसऱ्या दिवशी आम्ही अंगणात शेंगा फोडत होतो. तुका गुरव काठी टेकत आला.

“सरूवैनी, देवीला जेवू घातलं का काय तुमी?”

“काय झालं?”

“आवो, तिसरा दिस उजाडला, डावी पाकळी पडंना! हात लावला तर मुंग्या. ही रांग! शितं लावल्यात कुनीतरी. माझं डोळं गेल्यात, नाक न्हाई गेलं. आंबट वास येतोय.”

मी शेंगा फोडत राहिले. तुका हसत हसत गेला. त्याला काय, त्याला गंमत. तनू हसली नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तुझ्यासारखीच आहे ती. ओरडत नाही, आधी मोजते, मग बोलते.

“आजी,” ती म्हणाली, “आईनं खरंच सांगितलं होतं, मला डॉक्टर करा म्हणून? की तिथंही भात लावलास?”

मंगल, मला आजवर नवऱ्यानं, दिरानं, सरपंचानं, कुणी गप्प केलं नव्हतं. तुझ्या पोरीनं केलं.

आता तू सांग, काय सांगायचं होतं मी तिला? दवाखान्यात तू काय म्हणालीस ते ऐकायला मी एकटीच होते. दत्ता औषधं आणायला खाली गेला होता. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “आत्या, तनूला मधनं काढू नका.” बस्स. डॉक्टरचा ‘ड’ नाही. ‘मधनं’ म्हणजे कुठनं, हे तुला आणि मला दोघींनाच कळत होतं.

बारावी सायन्सला होतीस तू. नुकतंच अठरावं सरलं होतं. मार्गशीर्षात लग्न आणि फाल्गुनात परीक्षा. मीच तुझ्या बापाला सांगितलं होतं, “परीक्षा काय, आमच्या घरनं देईल.” आणि परीक्षेच्या आठवड्यात मीच म्हणाले, पाव्हणे येणार आहेत, नवी सून घरात नको का? तू एक शब्द बोलली नाहीस. पिशवीत भरलेली पुस्तकं परत माळ्यावर ठेवलीस. का बोलली नाहीस गं? एकदा तरी भांडायचं होतंस! मी ऐकलं नसतं, पण माझ्या अंगावर तेवढा तरी ओरखडा असता. तुझ्या गप्प बसण्याला मी समजूतदारपणा समजले. सोयीचं होतं ते.

पुढं आशाताईचं काम धरलंस. वाडीवाडीनं हिंडायचीस, कुणाची बाळंतीण, कुणाचं पोर, रात्री-अपरात्री जीप करून दवाखान्यात. तनू लहान असल्यापासनं तुझ्या मागं. आणि स्वतःला ताप आला तर? आठ दिवस अंगावर काढलास! डोळे पिवळे झाले तेव्हा मला सांगितलंस. याचा राग माझा अजून गेलेला नाही, जायचाही नाही. गावाला शहाणपण वाटत हिंडलीस, घरात त्यातलं चिमूटभर ठेवलं नाहीस.

मग तुझं तेरावं. पंगत उठली, आणि माझी थोरली जाऊ बोलली. “आता पोरगी घरात लागंल. आठवी बास झाली. दोन-चार वर्सात उजवून टाकू.” चार म्हातारे माना हलवायला लागले. दत्ताचं डोकं ठिकाणावर नव्हतं. तनू भांडी घासत होती, तिनं ऐकलं. तेव्हा मी उभी राहून खणखणीत म्हणाले, “पोरीला डॉक्टर करायची हाय. तिच्या आईची शेवटची इच्छा हाय ती. कुनाची टाप हाय मोडायची?”

“शिकू द्या” म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं? नुसतं शिकण्याला गावात काय किंमत! म्हणून डॉक्टर म्हणाले. मोठ्ठा शब्द. म्हाताऱ्यांच्या माना हलायच्या थांबल्या, जाऊबाई पान खाऊन निघून गेली. शाळा वाचली. त्याचा मला पस्तावा नाही, तो तू माझ्याकडनं मागू नकोस. पस्तावा याचा आहे, की काम झाल्यावर मी ते खोटं खाली ठेवलं नाही. सांगत गेले. एस्टीत, बाजारात, इंदुरीच्या पाव्हण्यांना. सांगताना माझी मान ताठ व्हायची. तुझी परीक्षा बुडवली ती मी, आणि सुनेची इच्छा पुरवणारी भली सासूही मीच!

हे सगळं मी तनूला सांगितलं. शेंगा तशाच राहिल्या. तुझ्या परीक्षेचंही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, पोर रडेल नाहीतर ओरडेल.

ती म्हणाली, “म्हणजे तीन वर्षं मी कुणाचं ऐकत होते?”

“माझं,” मी म्हणाले.

“आणि मला डॉक्टर व्हावंसं वाटतं ते?”

“ते मला काय म्हाईत, बाई? तुझ्या मनात शिरायला मी काय डास हाय?”

हसू आलं तिला. मग उठून गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही, पण जेवली. तुझ्यावर गेली नाही त्या बाबतीत, देवाची कृपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ता कामावरनं आला तसा तिनं चहा ठेवला आणि म्हणाली, “पप्पा, मला गणित परत घ्यायचंय. बायोलॉजी पण ठेवणारे.”

दत्ता म्हणाला, “म्हंजे डॉक्टर न्हाई व्हायचं?”

“व्हायचंय असं वाटतंय. पण ते मला वाटतंय की आई म्हणाली असं समजून वाटत होतं, ते बघायला लागेल. आईबरोबर वाड्यांवर जायचे तेव्हा आवडायचं, हे खरंय. गणित आवडतं, हेही खरंय. दोन वर्षं दोन्ही ठेवते. त्रास होईल, मी बघेन.”

“आन देवीचा कौल?” दत्ताला कुणी काही सांगितलं नव्हतं.

तनूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, “कौल खोटा हाय. मी शितं लावलीवती.”

तुझा नवरा कधी मोठ्यानं हसलेला आठवतो तुला? तू गेल्यापासनं मी ऐकला नव्हता. बशीतला चहा सांडेपर्यंत हसला, आणि मग एकदम तोंड फिरवून मोरीत गेला. बराच वेळ नळ सुरू होता.

विषय बदलायला दोनच दिवस उरले होते. अर्ज द्यावा लागतो, पालकाची सही लागते. दत्ताची पाळी, म्हणून मीच गेले तिच्याबरोबर. खिडकीतल्या क्लार्कनं कागद पुढं सरकवला. त्यात एक रकाना होता, विषय बदलण्याचे कारण.

“काय लिहू?” तनूनं विचारलं.

मी खिडकीतनं वाकून क्लार्कलाच सांगितलं, “लिवा, आजीची चूक.”

तो म्हणाला, “आजी, असं नाही लिहिता येत.”

“का? खोटं लिवलेलं चालतं, खरं चालत न्हाई?”

मागच्या रांगेतली पोरं हसली. तनू लाजून लाल झाली, मला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. दाखवायला हवं असंही नाही. मी खाली सही केली. ‘सरूबाई’, नीट वाचता येईल अशी.

तेव्हापासनं हे असं चाललंय, एका जागी बसवत नाही. पोरगी डॉक्टर होणार की नाही, हे तीन वर्षं मला पक्कं माहीत होतं. आता माहीत नाही. उद्या ती म्हणाली, मला दुसरंच काही करायचंय, तर? गावाला काय सांगू? जाऊबाईला काय सांगू? आणि खरं सांगू, मला अजूनही वाटतं गं, व्हावी तिनं डॉक्टर. तुझी इच्छा म्हणून नाही, माझी. पहिल्यांदाच कबूल करते. पण ती माझी आहे, तेव्हा ती मीच सांभाळायची, पोरीच्या दप्तरात टाकायची नाही.

तर ऐक, शब्द देते. तुझ्या नावानं यापुढं मी तिला काही सांगणार नाही. जे सांगेन ते माझ्या नावानं, आणि तिनं नाही म्हटलं तर ऐकून घेईन. बारावीची परीक्षा ती देईल. त्या महिन्यात या घरात पाव्हणा येणार नाही, सख्खा भाऊ आला तरी फाटकातनं परत लावीन. नंबर लागला तर लागला, नाही लागला तर दुसरं शिकेल. मधनं काढणार नाही.

एवढंच सांगितलं होतंस तू. तेवढंच करते.

तुझी परीक्षा बुडवणारी,
सरूआत्या